आमची बाबू स्मारक समिती

आमच्या समितीची ठरावाची वही अजून अर्धीसुद्धा भरलेली नाही. पण किस्से विचाराल तर बसा, चहा सांगतो! ठराव करायला कोरम लागतो हो, किस्से आपोआप होतात.

एका शहाण्याने मला मध्ये बजावलं, ‘शहिदाचे किस्से हसत सांगू नयेत.’ अरे बाबा, तू आमच्या बाबूला बघितलाच नाहीस! बावीस वर्षांचं पोर. सीमेवरच्या लढाईत गेला. बाप लहानपणीच वारलेला, आई शालनवयनी सुकी मासळी विकून घर चालवायची. तो गेला तेव्हा आठ दिवस वाडीत कोणी होडी पाण्यात घातली नाही. त्याची आठवण राहावी म्हणून आम्ही चौघांनी समिती काढली. सरपंच अध्यक्ष. त्याचे शाळेतले गुरुजी. गणपतीच्या शाळेतले, म्हणजे मूर्तींच्या कारखान्यातले, दाजी मूर्तिकार. आणि मी सेक्रेटरी, कारण एसटीत कंडक्टरकी करून आवाज मोठा झालाय.

*

पहिल्या वर्षी सरपंचांनी तिठ्यावर बॅनर लावला. वर पाच पुढारी हात जोडून. खाली ‘शुभेच्छुक’ म्हणून आम्ही चौघे! श्रद्धांजलीला शुभेच्छुक! छापणाऱ्याला अक्कल नाही म्हणावं, तर प्रूफ मीच तपासलेलं. आणि कोपऱ्यात पासपोर्टएवढा बाबू.

शालनवयनी टोपली घेऊन बाजाराला निघालेली. थांबली. सगळा बॅनर नीट बघितला आणि सरपंचांना विचारलं, “ह्येच्यात मेलो तो कोण?”

सरपंचांनी स्वतः शिडी लावून बॅनर उतरवला. संध्याकाळी आम्ही माफी मागायला तिच्या घरी गेलो. तिने पाणी दिलं आणि एवढंच म्हणाली, “तुमका काय करूचा ता करा. पण माका माझो झील दिसाक होयो.”

झालं! तेव्हापासून समितीची परीक्षा हीच. काहीही करायचं म्हटलं की पहिला प्रश्न, वयनीला तिचा मुलगा दिसेल का? कलेक्टरसमोर न घाबरणारे आमचे सरपंच तिच्या अंगणात चपला हातात घेऊन उभे राहतात.

*

वर्षश्राद्धाला शाळेत सभा. गुरुजी चार पानं लिहून आलेले. “बाबू लहानपणापासून शांत, अभ्यासू, आज्ञाधारक...” मागच्या बाकांवर त्याचे मित्र खाली माना घालून फुसफुसायला लागले.

वयनी उभी राहिली. “गुरुजी, खोटा कित्याक सांगतास? तेच्या पायी माका किती येळा शाळेत बोलावलास, ता सांगा!”

गुरुजींनी कागद घडी करून खिशात घातले. मग म्हणाले, “घंटेच्या लोळकाला काथ्या गुंडाळला होता त्याने. घंटा वाजेचना! मधली सुट्टी साडेतीनपर्यंत चालली. मी त्याला छड्या मारल्या. आज सांगतो, घरी जाऊन मी पोट धरून हसलो होतो.” एवढं बोलले आणि तिथेच रडायला लागले. वयनी मात्र त्या दिवशी पहिल्यांदा हसली.

*

त्याच सभेत शेवटी दोन मिनिटं मौन. वेळ सरपंच बघणार. आम्ही उभे. बराच वेळ झाला. पाय भरून आले. बाहेर कावळे ओरडून थकले. मी डोळा किलकिला करून बघतो तर सरपंच घामाघूम, घड्याळाकडे टक लावून. घड्याळ बंद पडलेलं! आणि मौनात बोलायचं कसं, म्हणून हा माणूस गप्प!

शेवटी वयनीच म्हणाली, “पुरे रे! माझो झील दोन मिनटां तरी कधी गप रवलो?”

*

दुसऱ्या वर्षी बाबूच्या पलटणीतला दोस्त आला. पंजाबचा, पगडीवाला, दारात मावेना एवढा. मराठीचा गंध नाही. पण वयनीसमोर वाकला, पायाला हात लावला आणि हात जोडून खणखणीत मालवणीत म्हणाला, “आये, माका भूक लागली!”

आम्ही चाट! विचारलं तर म्हणतो, बाबूने शिकवलं, तुमच्याकडे आईला नमस्कार असाच करतात!

वयनी पदर खोचून चुलीकडे गेली. त्याला समोर बसवून भात आणि माशाचं सार वाढलं. पुरे म्हटलं तरी वाढतच होती. तो जेवता जेवता रडत होता, तिखटाने की कशाने, मी विचारलं नाही.

*

यंदा ठरलं, तिठ्यावर बाबूचा कमरेपर्यंतचा अर्धपुतळा बसवायचा. दाजी हटून बसले, “मीच करतलंय!” उभी हयात गणपती केलेले, माणूस कधी केलेला नाही. पण नाही कोण म्हणणार?

पहिल्यांदा केला, तर बाबूला पोट आलं! दाजी म्हणाले, “हात सवयीन गेलो.” दुसऱ्यांदा डोळे असे मोठे आणि शांत झाले की सरपंचांनी नकळत हात जोडले. दोन्ही वेळा माती मोडली. महिनाभर दाजी कोणाशी धड बोलत नव्हते.

तिसऱ्यांदा आम्हाला बोलावलं. कापड काढलं. बाबूच! तीच हनुवटी, तोच बाहेर आलेला डावा कान. फक्त नाकाखाली ही जाड, पीळ दिलेली मिशी!

“दाजी, ही कोणाची मिशी?” मी ओरडलो. “पोराला ओठावर लव नव्हती धड!”

“फौजीक मिशी नको? लोकां काय म्हणतली?”

आमचं वाजलंच असतं, तेवढ्यात शालनवयनी दारात. आम्हीच तिला निरोप धाडलेला. आता झाली का पंचाईत! सगळं जमलं आणि मिशीने घात केला.

वयनी पुतळ्याजवळ गेली. डाव्या कानाला बोट लावलं. मग नजर मिशीवर येऊन थांबली.

दाजींनी कोरणी उचलली. “वयनी, चूक झाली. माती ओलीच आसा. आत्ता काढतंय.”

तिने त्यांचं मनगट धरलं.

“रवांदे. सुट्टेर इलो काय आरशासमोर अर्धो अर्धो तास उभो रवायचो, ओठार खोबरेल चोळायचो. येवक नाय बापड्याक. आता इली हा, तर काढतास कित्याक?”