टेम्पोतली माणसं

त्या वर्षी मला एकच स्वप्न सारखं पडायचं. लोणंदच्या आमच्या घरासमोर टेम्पो उभा आहे. नवरा, मुलगी, दीर, जाऊ, सगळे सामानासकट आत बसलेत आणि मी एकटी दारात. मी हाका मारते. कुणी वळून बघत नाही. टेम्पो निघून जातो.

दचकून जाग यायची आणि दिवस उजाडला तरी ते स्वप्न मनातून जायचं नाही. शिरवळच्या कंपनीतली नोकरी मी तोवर सोडली होती. अंघोळीचाही कंटाळा यायचा. घरातले म्हणत, थकवा असेल. मी मात्र त्यांच्यावर नजर ठेवून असायचे. नवरा आणि धाकटी जाऊ स्वयंपाकघरात हळू बोलायची. मी आत गेले की गप्प. मुलगी फोन घेऊन अंगणात का जाते? दीर माझ्याशी एवढं गोड का बोलतो?

एका दुपारी कपाट उघडलं, तर खाली नवरा लष्करात होता तेव्हाची जुनी बॅग. आत माझ्या दोन साड्या, टॉवेल, कंगवा. बॅग ओढत नेऊन मी जावेपुढे टाकली.

"मला कुठं धाडायचं ठरलंय तुमचं?"

ती भाकरी थापत होती. पिठाच्या हातानंच उठली. "आवं आक्का, साताऱ्याला डाक्टरकडं न्यायचंय तुमाला. ठिवून घेतलं तर कापडं लागतील म्हणून भरली. दादा म्हणले, आदी सांगू नगा, त्या यायच्या न्हाईत."

म्हणजे कुजबुज खरीच होती तर.

साताऱ्याच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "स्वप्नं कशी पडतात?" मी चटकन नवऱ्याकडे पाहिलं. यानंच सांगितलं की काय? पण त्याला तरी कुठून कळणार? मी कुणाला सांगितलंच नव्हतं. बाई म्हणाल्या, नैराश्यात अशी स्वप्नं बऱ्याच जणांना पडतात. त्यानं झोप मोडते आणि मन आणखी खचतं. मला पटलं नाही. गोळ्यांचं पाकीट आधी कुणी उघडलेलं नाही ना, हेही मी बघून घेतलं.

गोळ्या घेत राहिले, साताऱ्याच्या खेपा करत राहिले. काही महिन्यांनी ते स्वप्न विरळ झालं. एकदा कोथिंबीर निवडताना मी ते जावेला सांगून टाकलं.

"मी कुठं बसलेली?" तिनं विचारलं.

"पुढं. ड्रायव्हरशेजारी."

"आन मी येकदाबी मागं बघितलं न्हाई?" तिचे डोळे भरले. "लय वंगाळ सपान, आक्का."

ती हसली नाही, समजूतही घातली नाही. तेवढ्यानं मला फार हलकं वाटलं.

आता मी पुन्हा कामावर जाते. घरात कुणी हळू बोललं की कान अजून टवकारतात. पण आता मी सरळ आत जाऊन विचारते, काय चाललंय? बहुतेक वेळा विषय संध्याकाळच्या भाजीचा असतो.