गच्चीवरचा कोरडा झाडू

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काय केलं, तर मेथी निवडली. ती खाटेवर, पोटावर ताट घेऊन. मी खाली पाटावर. माझे देठ लांब राहतात म्हणून ती बोलली, "अहो, भाजी करायचीय, कुंपण नाही घालायचं." सकाळचे दहा वाजले असतील. एवढं मी सगळ्यांना सांगितलंय, दहाव्याला आलेल्यांनासुद्धा. त्याच्या मागचं मात्र कुणालाच नाही सांगितलं. आज तुम्हाला सांगतो.

मी गवंडी. चौथीपर्यंत शाळा, मग थापी. पर्वतीच्या पायथ्याला वस्तीत आमचं घर आहे ते मीच बांधलं. भिंती, स्लॅब, गच्चीवरचा विटांचा कोबा, सगळं ह्या हातांनी. पावसाचा थेंब कधी आत आला नाही. पण उन्हाळ्यात तो स्लॅब तापायचा. दिवसभर ऊन प्यायचा आणि दिवेलागणीनंतर खाली सोडत बसायचा. मला कुठलं जाणवायला – मी दिवसभर बाहेर. आत कोण असायचं? शकू. माझी बायको. आणि खुबा मोडल्यापासून तर ती चोवीस तास त्याच स्लॅबखाली पडून.

मार्चमध्ये कुठल्याशा संस्थेची एक मुलगी वस्तीत आली. पिस्तुलासारखं यंत्र स्लॅबवर रोखलं, आकडा वाचला नि म्हणाली, काका, गच्चीवर हा पांढरा रंग द्या, ऊन वरच्या वर परत फिरतं, घर गार राहतं, वीजही कमी लागते. मी म्हणालो, माझ्या कोब्याला रंगरंगोटीची गरज नाही. दारात शेजारच्या चार बाया उभ्या होत्या. शकू खाटेवरून म्हणाली, "ताई, ह्यांना स्लॅब टाकता येतो. त्याच्याखाली पडायचं काम माझं आहे. तुम्ही रंग ठेवून जा." बाया हसल्या.

एवढंच झालं होतं. पण ते हसणं मला लागलं. जन्मभर थापी धरली, आणि कालची पोर मला स्लॅब शिकवणार – वर बायको तिच्या बाजूनं?

रंगाच्या दोन्ही बादल्या मी लोखंडी शिडीनं वर नेल्या. त्या शिडीवर माझ्याशिवाय कुणी चढत नाही. टाकीच्या सावलीला जरा बसलो. मग झाडू घेतला – कोरडा झाडू – आणि ह्या कडेपासून त्या कडेपर्यंत कोब्यावर घासत राहिलो. खाली आवाज जावा म्हणून. बादलीचं झाकणसुद्धा उघडलं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. शकू खालून ओरडून सांगत होती, पहिला हात नीट वाळू द्या, मगच दुसरा द्या. मी वरून हो म्हणालो.

का केलं असं? मला तिला खोटं पाडायचं होतं. म्हणू दे आठवडाभर, गार वाटतंय म्हणून. मग त्याच बायांसमोर सांगीन, रंगाचं बोटही लागलेलं नाही. मग बघू कोण हसतंय. असा माणूस मी.

ती म्हणालीच. तिसऱ्या दिवशी म्हणाली, फरक पडला हो. येईल त्याला सांगायची – गुडघे दुखत असताना ह्यांनी दोन हात दिले. मी मनात हसलो, खोटं कशाला बोलू? पण सांगायचं पुढं ढकलत गेलो. तिच्या तोंडून माझं कौतुक मी फारसं कधी ऐकलं नव्हतं.

मग वाघोलीहून तिचा भाऊ आला. त्याच्या सुनेचं बाळ लहान, घामोळ्यांनी रडून हैराण. शकूनं आमचा कूलर देऊन टाकला. म्हणाली, "घेऊन जा रे. आमचा स्लॅब आता तापत नाही." तेव्हा बोलायला हवं होतं. बोललो असतो तर काय झालं असतं? मेव्हण्यासमोर मान खाली गेली असती – आणखी काय? नाही बोललो. कूलर मीच उचलून रिक्षात ठेवला.

त्यानंतर तरी रंग द्यायचा. शिडी होती, बादल्या वरच होत्या. पण आवाज झाला असता, तिनं विचारलं असतं, आता हा कसला तिसरा हात? काय सांगणार होतो? म्हणून नाही दिला. एप्रिल चढत गेला. घामानं चादर ओली व्हायची आणि ती म्हणायची, "आपल्याकडं रंग असून एवढं होतंय, बाकीच्या बायांचं काय होत असेल हो."

मेथी निवडली त्या दुपारी मी चौकात झाडाखाली जाऊन बसलो. चारला आलो तर ती उठेना. हात लावला. तिची पाठ, चादर, भिंत – सगळं सारखंच गरम. डॉक्टर म्हणाले, वय होतं, हृदय थांबलं. उकाड्यानं का, असं विचारायचं होतं. विचारलं नाही. आजही मला माहीत नाही. माहीत नाही म्हणून मी सुटत नाही.

संध्याकाळी तिला नेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मेव्हणा म्हणाला, "दाजी, कालचे ओले कपडे गच्चीवर वाळत घालून येतो. तुम्ही दिलेला रंगही बघतो, ताई फोनवर फार सांगायची." मी म्हणालो, शिडी हलते, मी घालतो. सामान सांगून त्याला मंडईत पिटाळलं आणि वर गेलो. बादली उघडली, काठीनं ढवळली आणि रंग द्यायला लागलो. शिडीवरून आल्याबरोबर जिथं नजर पडते, ती बाजू आधी. तिच्यासाठी नाही. पश्चात्ताप झाला म्हणूनही नाही. कळू नये म्हणून. ऊन असं होतं, की तासाभरात वाळला.

मेव्हणा आला तो मला शोधत वर चढला. त्या पांढऱ्यावर उभा राहिला, डोळे बारीक केले आणि रडायला लागला. "माझ्या बहिणीसाठी ह्या वयात एवढं केलंत, दाजी." सुतकात कुणी कुणाच्या पाया पडत नाही, तरी तो वाकला.

मी पाय मागं घेतले नाहीत.