मेनूकार्ड कोणाच्या हातात

माझे सासरे कन्हानला राहतात. वर्षातून एकदा, आपल्या वाढदिवसाला, ते आम्हा सगळ्यांना नागपुरात चायनीज खायला नेतात. रामदासपेठेतल्या जुन्या हॉटेलात बसलो की मेनूकार्ड न उघडताच माझ्याकडे सरकवायचे. "जावईबापू, तुमी सांगा."

थोरल्या जावयाचा एवढाच मान, पण मी तो जपला होता. माणसे आठ, म्हणजे सूप वन बाय टू, चार. हक्का नूडल्सची एक प्लेट तिघांत. फ्राइड राइस शेवटी, आधीच्या प्लेटा किती रिकाम्या झाल्या ते पाहून. उरत काही नसे, कमीही पडत नसे. सासऱ्यांची कवळी, म्हणून त्यांच्यापुरते स्वीट कॉर्न सूप, बिनतिखट. ते मी न विचारताच सांगत असे.

यंदा धाकट्या साडूने मनीषनगरमधले नवे हॉटेल सुचवले. त्याच्या घरापासून पायी जाता येते. सासऱ्यांनी कार्ड उचलले, माझ्याकडे पाहिले आणि साडूच्या हातात दिले. "हे तुमच्या मोहल्ल्यातलं. आज तुमीच सांगा."

कारण बरोबर होते, म्हणूनच जास्त झोंबले.

साडूने हिशेब केलाच नाही. वेटरला "आज क्या अच्छा है?" असे विचारून तो सांगेल ते मागवत गेला. वाफवलेल्या मोमोंच्या, झाकण असलेल्या बांबूच्या टोपल्या एकामागून एक येऊ लागल्या. यातले बरेच उरणार हे मला दिसत होते, आणि खरे सांगायचे तर उरावे अशीच माझी इच्छा होती. कवळीचे तर तो नक्की विसरणार, याचीही मी वाट पाहत होतो.

तेवढ्यात तो सासऱ्यांकडे वळला. "बाबा, तुमाले काय पाह्यजे?"

सासऱ्यांनी पलीकडच्या टेबलाकडे मान वळवली. "ते पोट्टे लाल लाल काय खाऊन राहिले? मले ते सांगा."

शेझवान सॉसमधले मोमो होते.

"बाबा, तिखट राहते ते," मी म्हणालो.

"मंग? तिखटानंच वाढलो मी. तुमचं गोड सूप पिऊन पिऊन कटाळलो होतो जी."

सगळे हसले, सासूबाईसुद्धा. मीही हसलो, जरा उशिरा. मोमो मऊ होते, कवळीने काही कुरकुर केली नाही. सासरे नाक पुसत पुसत खात राहिले आणि त्यांनी दुसरी प्लेट मागवली. शेवटी एका टोपलीतही काही उरले नाही.

पुढच्याच रविवारी मी बायकोला घेऊन त्या हॉटेलात गेलो आणि कार्ड पहिल्या ओळीपासून वाचायला घेतले.

"काहून एवढं वाचून राहिले?" तिने विचारले.

"पुढच्या वर्षी कामी येईल."

"पुढच्या वर्षी बाबा म्हणतील, धाकट्या जावयानंच सांगावं. आणि मी इथं बसली आहे, मले काय पाह्यजे ते विचारलं का तुमी?"

मी विचारले. तिने लाल मोमोच सांगितले. वेटरने लिहून घेतले आणि दाराकडे पाहत मला विचारले, "वो उस दिन वाले साहब नहीं आए?"

"नहीं," मी म्हणालो. त्याने कार्डासाठी हात पुढे केला, पण मी ते सोडले नाही.