तीन कंपन्यांची यादी

मिटणार नाही असं भांडण जगात नाहीच. फक्त भांडणाऱ्यांना एका सतरंजीवर बसवायला माझे साडू हजर पाहिजेत. जाफराबादच्या एसटी स्टँडसमोर त्यांचं झेरॉक्सचं दुकान आहे, पण ते नावाला. खरा धंदा समेटाचा, तोही फुकटचा. भावकीतल्या निम्म्या सोयरिकी त्यांनी जमवल्या आणि उरलेल्या निम्म्यांमधले रुसवेफुगवे काढले. एकदा आम्ही दोघं भोकरदनला निघालो होतो. स्टँडवर दोन जीपवाले एका प्रवाशावरून हातघाईवर आलेले. साडूंनी मलाही आमच्या जीपमधून खाली ओढलं, दोघा भांडणाऱ्यांना चहा पाजला, गळाभेट घडवली. तोवर आमची जीप निघून गेली, आणि ज्याच्यावरून भांडण पेटलं होतं तो प्रवासीही तिच्यातच बसून गेला. "जाऊ द्या साडूभाऊ," ते म्हणाले, "मनं तर जुळली ना."

अशा माणसाला एकच भांडण मिटवता आलं नाही, आणि ते नेमकं त्यांच्या नि त्यांच्या लेकीच्या मधे आलं. लेक लहान असताना दुकानातल्या टीव्हीवर बापलेक गाड्यांची शर्यत खेळायचे. गिऱ्हाईक आधार कार्ड हातात धरून ताटकळायचं आणि हे आतून ओरडायचे, "थांबा, वळण आलं!" पोरगी नोकरीला पुण्याला गेली, तिथं तिनं गेम खेळायचं नवं मशीन घेतलं. तिला चकित करायचं म्हणून त्याच महिन्यात ह्यांनीही एक घेतलं, कोणाला न विचारता, आणि दुसऱ्याच कंपनीचं. त्या कंपन्यांचं आपसात पटत नाही, त्यांची ती लाडकी शर्यत ह्या मशीनवरून त्या मशीनवाल्याशी खेळता येत नाही, हे त्यांना खोकं फोडल्यावर कळलं. "बदलून घ्या ना पप्पा," पोरगी फोनवर म्हणाली. साडूंना ते पटेना. "एक घर तोडून दुसऱ्या घरी जायचं? मंग भांडण मिटलं कुठं, माय?"

तेव्हापासून त्यांनी ध्यास घेतला तो तिन्ही मोठ्या कंपन्यांनी मिळून एकच मशीन काढण्याचा. कंपन्यांना ते रंगावरून ओळखत: निळेवाले, हिरवेवाले, लालवाले. लग्नाच्या बैठकीत करतात तशी ह्या तिघांची त्यांनी बिघडलेल्या झेरॉक्सच्या पाठीवर यादीच लिहून काढली. हातात धरायचं हँडल निळ्यांनी द्यावं, पकड झकास असते. मशीनचं डोकं हिरव्यांचं. लालवाल्यांनी फक्त हसणं आणावं, "त्यांच्या खेळात कोणी मरत न्हाई, नुसते उड्या मारून राह्यलेत." जुने खेळ कोणी टाकून द्यायचे नाहीत, घरातल्या म्हाताऱ्यांसारखे सांभाळायचे. मानपानावरून बिनसू नये म्हणून खोक्यावर तिघांची नावं गोलात लिहायची, म्हणजे पहिलं कोणाचंच नाही. हा कागद शर्टाच्या खिशात घेऊन ते हिंडत आणि भेटेल त्याला वाचून दाखवत. मी चेष्टा केली की म्हणत, "हसा हसा. याहून वंगाळ पाव्हणे एकत्र आणलेत मी."

पुढं लेकीचं लग्न ठरलं, केदारखेड्याच्या मुलाशी. बैठकीला माणसं जमली, बुद्धवंदना झाली, आणि यादी वाचायला अर्थातच साडू उभे राहिले. घोगऱ्या आवाजात त्यांनी सुरुवात केली, "एक. हँडल निळ्यांनी द्यावं." खिशातून भलताच कागद निघाला होता. मुलाचे काका म्हणाले, "पाव्हणे, आम्ही तर गाडी मागितलीच न्हाई!" मी साडूंचा शर्ट ओढत होतो, पण त्या दिवशी ते कुठं भानावर होते? वाचता वाचता ते शेवटच्या कलमापर्यंत गेले. "सहा. लेक कुठंही असो, रविवारी चार वाजता तिला बापासंग एक डाव खेळता आला पाहिजे." तिथं त्यांना कळलं आपण काय वाचतोय ते. बैठकीत कोणी हसलं नाही. आतल्या खोलीच्या दारात लेक उभी होती, तिनं ओढणी तोंडाला लावली. तेवढ्यात नवरामुलगा म्हणाला, "मामा, बाकीचं ऱ्हाऊ द्या. सहावं तेवढं आपल्या यादीत लिहून घ्या." माझ्याही डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू.

कंपन्यांचं अजून काही जमलेलं नाही. सहावं कलम मात्र लग्नानंतरही पाळलं जातं. मागच्या रविवारी मी दुकानात गेलो तर चार वाजले होते. गिऱ्हाईक ताटकळत होतं आणि साडू आत टीव्हीसमोर, मांडीवर फोन, फोनचा स्पीकर सुरू. ते इकडं आपल्या मशीनवर एकटेच गाडी पळवत होते, लेक पुण्यात तिच्या मशीनवर एकटीच. खेळ वेगळा, रस्ता वेगळा. तिच्याकडं समुद्र होता, ह्यांच्याकडं वाळवंट. तरी दोघं एकमेकांना वळणं सांगत होते. "कुठं आली बाई?" "पुलावर, पप्पा. तुम्ही?" "तुझ्या मागंच हाये, बराबर."

शर्यत संपली. टीव्हीवर साडूंचा पहिला नंबर झळकत होता, मी डोळ्यांनी पाहिला. ते फोनवर म्हणाले, "हरलो गं माय. तूच जिंकली." तिकडून आवाज आला, "काहीही नका सांगू, मीच हरले." "न्हाई, मी." "पप्पा, मी!" बराच वेळ हे चाललं. सगळ्या तालुक्याची भांडणं मिटवणाऱ्या माझ्या साडूंना हे एक भांडण मिटवायची मुळीच घाई नव्हती.