मामांचा जिताडा

माणसांना भूल देणारे डॉक्टर जगात पुष्कळ असतील, पण गोठलेल्या तळ्यावर बसून माशाला भूल देऊ पाहणारा डॉक्टर एकच झाला, आणि तो नेमका माझ्या बायकोचा सख्खा मामा निघाला. मामा मूळचे पेणजवळच्या खारेपाटातले. भूलतज्ज्ञ होऊन अमेरिकेत आले आणि मिशिगनातल्या ॲन आर्बरला चिकटले ते चिकटलेच. निम्म्या गावाला आपण एकदा तरी झोपवलेलं आहे, असं ते अभिमानानं सांगतात. दुकानात समोरून एखादा गोरा आजोबा आला की 'गॉल ब्लॅडर, लाइट स्लीपर' असं माझ्या कानात पुटपुटतात. निवृत्त झाल्यावर त्यांच्या बरोबरीचे लोक गोल्फ खेळू लागले, भजनी मंडळात गेले, क्रूझवरून फोटो पाठवू लागले. मामांनी मात्र बर्फाला भोक पाडायचं एक भलंथोरलं गिरमिट विकत आणलं.

हिवाळा कडक झाला की ते उत्तरेला तीनेक तासांवर, तळ्याकाठच्या एका रिसॉर्टमध्ये आठवडाभर कॉटेज घ्यायचे. तळं असं गोठतं की लोक त्यावर ट्रक नेऊन उभे करतात. बर्फाला भोक पाडायचं, वर छोटा तंबू ठोकायचा, आत हीटर लावायचा आणि त्या भोकात गळ सोडून बसायचं, असा हा खेळ. तिथे पर्च मिळतो, पाइक मिळतो. मामांना हवा असायचा तो वॉलआय, आणि त्याचं कारण मी होतो. माझ्या लग्नाच्या पंगतीत मामा माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले होते, "आमच्या खारेपाटात जावई जेवायला आला की त्याच्या पानात जिताडा पडतो. तोही घरच्या माणसानं धरलेला. बाजारातला चालत नाही. तुला मी घालीन." मी नागपूरचा. सावजी मटणाच्या पलीकडे माझी अक्कल चालत नाही. जिताडा हा मासा आहे की माणूस, हेही मला बायकोला विचारावं लागलं. पण मामांनी शब्द दिला होता, आणि मिशिगनात जिताडा आणायचा कुठून? मग एकदा त्या रिसॉर्टच्या मालकानं धरलेला वॉलआय त्यांनी पाहिला. टॉर्चचा उजेड पडताच त्याचे डोळे मांजरासारखे चमकले आणि मामा ओरडलेच, "अरे, हा तर आपला जिताडा! फक्त आपल्या आधी इमिग्रेट झालाय!"

तेव्हापासून दर हिवाळ्यात मामा, मामी, माझी बायको आणि मी असे चौघं त्या कॉटेजमध्ये असायचो. मामी आणि बायको उबेत बसून पत्ते कुटायच्या आणि मी मदतनीस म्हणून तळ्यावर. बर्फावर पाऊल टाकण्याआधी मामा गुडघ्यावर बसून त्याची छाती ठोकून बघायचे. पेशंटच्या छातीवर टकटक करतात तसंच, कान वाकडा करून. मालकानं सकाळीच जाडी मोजून सांगितलेली असायची, पण मामांचा स्वतःच्या बोटांवर जास्त विश्वास. "ही लेफ्ट साइड जरा डल वाटते," असं म्हणून सगळा संसार ते उजवीकडे हलवायला लावायचे, आणि गिरमिटासकट सगळं लादलेली घसरगाडी ओढायचो मी. तंबूत शिरलं की ऑपरेशन थिएटरची शिस्त. टॉवेल अंथरून त्यावर गळ, कात्री, चिमटे ओळीनं मांडायचे. बोलायचं ते कुजबुजत. पाण्यातल्या माशांची हालचाल दाखवणारा एक छोटा पडदा होता, त्याला मामा मॉनिटर म्हणत, आणि त्यावर तासभर काही हललं नाही की समाधानानं सांगत, "स्टेबल आहे." आमच्या दोघांच्या गळांच्या काठ्यांची गल्लत होऊ नये म्हणून मामींनी त्यांच्या काठीला मिठाईच्या खोक्यावरची लाल रिबीन बांधून दिली होती.

आमिष म्हणून सगळी दुनिया जिवंत छोटे मासे लावते. मामांनी एका वर्षी सोडे आणले. अलिबागहून कुणाच्या तरी बॅगेतून आलेले, कोळंबीचे वाळवलेले सोडे. जिताडा कोळंबीवर जीव टाकतो, हे त्यांचं शास्त्र. गाडीत हीटर सुरू झाल्याबरोबर त्या सोड्यांनी असा काही दरवळ सोडला की माझ्या बायकोनं त्या कडाक्यात खिडकी उघडली. दुसऱ्या दिवशी रिसॉर्टचा मालक, एक धिप्पाड गोरा म्हातारा, आमच्या तंबूत डोकावला आणि नाक धरून म्हणाला, "डॉक, डिड समथिंग डाय इन हिअर?" मामांनी शांतपणे मूठभर सोडे त्याच्या हातावर ठेवले. संध्याकाळी त्याच सोड्यांवर त्यानं हातभर लांबीचा वॉलआय काढला आणि दाखवायला आमच्या दारात आला. मामांनी त्याचं मनापासून अभिनंदन केलं. तो मासा मालकानं त्यांनाच देऊ केला, तर म्हणाले, "नो, नो. मस्ट बी माय ओन कॅच. जावयाचा मामला आहे." शेवटचं वाक्य त्याला कळणं शक्यच नव्हतं, पण मान त्यानं मोठ्या गांभीर्यानं हलवली.

मामांच्या गळाला वॉलआय लागतच नव्हता असं नाही. लागायचा आणि जायचा. याला कारण मामांची मोजणी. दोरी ताणली की लोक झटका देऊन ओढतात. मामा ओढत नसत. डोळे मिटून, पेशंटला झोपवायच्या त्या मऊ आवाजात ते उलटं मोजू लागत, "दहा... नऊ... आठ..." घाई केली की तो जागा होतो, त्याला वाटलं पाहिजे की सगळं ठीक चाललंय, असं त्यांचं म्हणणं. उभ्या आयुष्यात त्यांचा एकही पेशंट सातच्या पुढे जागा राहिला नाही म्हणे. मासाही सातपर्यंत निघून गेलेला असायचा. "मामा, ओढा ना यार!" असं मी कितीदा ओरडलो असेन. त्यावर रिकामा गळ वर घेत मामा म्हणायचे, "डोस कमी पडला."

मागच्या हिवाळ्यात मात्र या सगळ्यातली गंमत उणावली होती. मामांचा गुडघा काम देईना, मामींना घर झेपेना, आणि पार पश्चिम किनाऱ्याला, बेलव्ह्यूला राहणाऱ्या त्यांच्या मुलीनं दोघांना कायमचं आपल्याकडे न्यायचं पक्कं केलं होतं. तिकडची तळी काही अशी गोठत नाहीत. ही आपली शेवटची फेरी, हे आम्हा चौघांनाही माहीत होतं आणि कुणीच तसं बोलत नव्हतं. पहिल्याच दिवशी बर्फ ठोकता ठोकता, माझ्याकडे न बघता मामा म्हणाले, "लग्नाला एवढी वर्षं झाली तुझ्या. अजून तुझ्या पानात काही पडलं नाही."

"मामा, मी कुठं मागतोय?"

"तू मागायचा प्रश्नच नाही," मामा म्हणाले. "मी बोललो होतो."

मला एकदम फार वाईट वाटलं. माझ्यासाठी तो म्हाताऱ्याचा छंद होता. त्यांच्यासाठी ते घरातलं राहून गेलेलं कार्य होतं.

शेवटच्या दिवशी दुपार कलली तरी काही लागलं नव्हतं. तेवढ्यात मामांना बाहेर जावं लागलं. अंगावर एवढे कपडे चढवलेल्या माणसानं लघवीला जाणं हा एक स्वतंत्र कार्यक्रम असतो. मामी त्याला सीमोल्लंघन म्हणतात. मामा बाहेर पडले आणि इकडे माझी काठी वाकली. मी झटका दिला, मासा पक्का अडकल्याचं हाताला कळलं, आणि मला काय सुचलं कोण जाणे, मी मामांचं स्टूल पायानं ओढून माझ्या भोकाशी घेतलं, माझं त्यांच्या भोकाशी ढकललं आणि ओरडलो, "मामा, तुमच्या गळाला लागलंय! धावा!"

मामा पट्टे लोंबत असलेल्या पँटीनिशी आत घुसले. मी काठी त्यांच्या हातात कोंबली. आणि या माणसानं काय करावं? डोळे मिटले आणि सुरू केलं, "दहा... नऊ..."

"मामा, मोजू नका! ओढा!"

"आठ... सात..."

सातला मासा गेला नाही. सहालाही नाही. पाचला मामांनी एक डोळा उघडून माझ्याकडे पाहिलं आणि फिरकीवर दोरी गुंडाळायला सुरुवात केली. भोकातून आधी सोनेरी-हिरवं डोकं वर आलं, मग ते चमकणारे डोळे. मामांनी पट्टी लावून मासा कायद्याच्या मापात बसतो याची खात्री केली आणि तिथेच बर्फावर फतकल मारली. ते रडत होते. थंडीनं डोळ्यांतून पाणी येतंय, असं त्यांनी मला इंग्रजीतून समजावलं.

त्या संध्याकाळी मामींनी मासा तांदळाच्या पिठात घोळवून तळला आणि डोक्याचं कालवण केलं. माझं पान मामांनी स्वतः वाढलं. डोकं माझ्या पानात घातलं, कारण तो जावयाचा मान. त्याचं नक्की काय करतात हे मला ठाऊक नसल्यानं पहिल्याच घासाला काटा घशात रुतला, आणि मामींनी मला कोरडा भात गिळायला लावला. "कसा आहे जिताडा?" मामांनी विचारलं. घशावर हात ठेवून मी "फर्स्ट क्लास" म्हटलं, तेव्हा कुठे त्यांनी स्वतःच्या ताटाला हात लावला.

उन्हाळ्यात त्यांचं घर रिकामं झालं. गिरमिट, तंबू, मॉनिटर सगळं मामांनी माझ्या गाडीत चढवायला लावलं. सगळ्यात शेवटी लाल रिबिनीची काठी माझ्या हातात देत म्हणाले, "ही माझी. हिनं आजवर एकही वॉलआय वर आणलेला नाही. सांभाळ."

त्या दिवशी मी त्यांच्या हातात कोंबलेल्या काठीला रिबीन नव्हती, हे तेव्हा कुठे माझ्या टाळक्यात शिरलं. "मामा, मग तेव्हाच बोलला का नाहीत?"

"कोण खरंच झोपलंय आणि कोण सोंग करतंय, हे बघण्यात जन्म गेला रे माझा," मामा म्हणाले. "पण जावयानं सासऱ्याला मान दिला तर काय करायचं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. म्हटलं, घ्यावा."

या हिवाळ्यात बायको आणि मी दोघंच त्या कॉटेजमध्ये गेलो. बर्फ मीही ठोकून बघितला. मला काही डल ऐकू आलं नाही. रिबिनीची काठी मामांच्या जागी लावली, सोड्यांसकट. दुसऱ्या दिवशी ती हलली. मी घाईघाईनं व्हिडिओ कॉल लावला. बेलव्ह्यूला मामा खिडकीशी चहा घेत बसले होते.

"मामा, तुमच्या गळाला लागलंय!"

"पुरे झालं तुझं नाटक," मामा म्हणाले.

मी फोन फिरवला. काठीवरची लाल रिबीन थरथरत होती. पलीकडे कप बशीत टेकल्याचं ऐकू आलं. मग तोच मऊ आवाज आला, "ओढू नकोस हं. दहा... नऊ... आठ..."

सातला दोरी सैल पडली आणि रिबीन थांबली. मामांनाही ते दिसलं असणार. तरी ते मोजत राहिले, आणि मीही फोन तसाच धरून, त्यांचं एक येईपर्यंत ऐकत राहिलो.