बरोबर उत्तराचा आवाज

लोहा तालुक्यातल्या एखाद्या मुलाला गणित येत नसेल, तर त्यात त्या मुलाचा, आईबापांचा, शिक्षकांचा किंवा साडेसातीचा काडीइतका दोष नाही. दोष असलाच तर गणिताचा आहे, कारण त्याला पोरांशी खेळता येत नाही, असं छातीठोकपणे सांगणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. ते आमच्या शाळेचे निवृत्त चित्रकला शिक्षक. त्यांचे आजोबा गावातल्या दुकानांच्या पाट्या रंगवायचे, वडीलही रंगवायचे, आणि यांनी शाळेच्या भिंती रंगवत नोकरी पुरी केली. सगळा गाव त्यांना चाचा म्हणतो. माणसं निवृत्त झाली की शुगर तपासतात. चाचांनी नांदेडला जाऊन एक जुना कम्प्युटर विकत घेतला आणि एस.टी.च्या सीटवर शेजारी बसवून लोह्याला आणला. कंडक्टर म्हणाला, याला तिकीट पडेल. चाचा म्हणाले, "हाफ द्या. आजून शाळंत जायचाय त्यो."

तेव्हापासून त्यांच्या खिशातली पेनं गेली आणि पेनड्राइव्ह आले, प्रत्येकाला वेगळ्या रंगाचा दोरा बांधलेला. गळ्यात मफलरसारखा हेडफोन, उन्हाळ्यातसुद्धा. मुलांसाठी फुकट मिळणारं गेम बनवायचं एक सॉफ्टवेअर ते नातवाच्या वयाच्या पोरांकडून शिकले आणि त्यांना शिकवणारी पोरं कंटाळून पळाली तरी शिकतच राहिले. बशीतला चहा कीबोर्डवर सांडू नये म्हणून त्यांनी साडीच्या दुकानातली पारदर्शक पिशवी त्याच्यावर ताणून बसवली होती. मग चहा पिशवीवर सांडायचा आणि चाचा तो रुमालानं टिपून म्हणायचे, "बगा बाई, विज्ञान!" स्वतः बनवलेल्या गेममध्ये स्वतःच हरले की ते पडद्याशी भांडत. एकदा मी त्यांना म्हटलं, "चाचा, नियम तुम्हीच केलेत ना?" तर म्हणाले, "केले म्हनून काय झालं? सरकार बी कायदे करतंच की. भांडायचं न्हाई का?"

त्यांचा गेम म्हणजे लोह्याचा बाजार. मुलानं भाजीच्या दुकानात बसायचं. गिऱ्हाईक यायचं, सव्वा किलो भेंडी मागायचं, पावणेदोन किलो वांगी मागायचं, आणि मुलानं तराजूत नेमकी वजनं टाकायची. मी शिकवते त्या सहावीच्या मुलांना एक पूर्णांक तीन चतुर्थांश लिहिता यायचं, पण पावणेदोन म्हटलं की ती छताकडे बघायची. हे चाचांना सहन होत नव्हतं. "लातूरला पोरं पाठ करत्यात," ते म्हणायचे. "करू द्या. लोह्याला पोरं खेळत शिकतील." चित्रं त्यांनीच काढलेली, त्यामुळे कांदे खरेखुरे दिसत आणि दुकानामागं बांधलेलं गाढव थोडंफार आमच्या मुख्याध्यापकांसारखं दिसे.

पण गेमचा खरा जीव आवाजात होता. मूल चुकलं की गिऱ्हाईक रागवायचं, आणि ते रागावणं चाचांनी बाजारातून मोबाइलवर भरून आणलं होतं. त्यासाठी ते दर आठवड्याला बाजारात जाऊन लोकांना मुद्दाम चिडवत. बांगड्यावाल्या मावशींपुढं उभं राहून त्यांनी इतका वेळ नुसते भाव विचारले, की शेवटी मावशी कडाडल्या, "घ्यायचं न्हाई, द्यायचं न्हाई, निस्तं खांबावानी हुबं ऱ्हायचं! सरका बाजूला!" चाचा हात जोडून म्हणाले, "लई झकास. आता यकदा परत म्हना, मधी वारं आलं." मग मावशींनी हौसेनं दुकान झाकलं आणि वजनांवरून जितक्या शिव्या सभ्यपणे देता येतील तितक्या देऊन टाकल्या.

बरोबर उत्तरासाठी मात्र त्यांनी माझी निवड केली. आमच्या घरात कॉलेजचं तोंड पाहिलेली मी पहिली. नांदेडच्या वसतिगृहात पहिल्याच आठवड्यात माझ्या 'न्हाई'वर आणि 'हाव'वर खोली भरून हसणं झालं, आणि त्यानंतर मी माझी जीभ भांड्यासारखी घासून काढली. त्या शिक्षणाचे माझ्यावर उपकार आहेत. त्यावरच आज माझ्या घराची चूल पेटते. आता शाळेतला प्रत्येक कार्यक्रम माझ्या सूत्रसंचालनाशिवाय होत नाही. तेव्हा चाचांनी माइक पुढं केला आणि मी अगदी नभोवाणीच्या सुरात म्हटलं, "अभिनंदन! आपले उत्तर अचूक आहे." मन लावून, तीनदा घेतलं. चाचा म्हणाले, "पुन्याची बाई वाटती!" ते कौतुक मला आठवडाभर पुरलं.

जिल्ह्याहून तपासणीला साहेब आले तेव्हा मुख्याध्यापकांनी कम्प्युटर खोलीत सतरंजी अंथरली. साहेबांपुढं पहिला मुलगा बसला. सव्वा किलो भेंडी. त्यानं तराजूत पाच किलोचं वजन टाकलं. स्पीकरमधून मावशी गरजल्या, "सव्वा किलो म्हनत्यात व्हय ह्येला? तराजू हाय का पाळना?" वर्ग लोळून हसला. दुसऱ्यानं दहा किलो टाकलं. तिसऱ्यानं आधी साहेबांकडे बघून हसून घेतलं आणि मग तराजू रिकामाच ठेवला. साहेब माझ्याकडे वळले. "बाई, तुमच्या वर्गात एकाही विद्यार्थ्याला सव्वा किलो माहीत नाही?" मी घामाघूम होऊन मुलाच्या कानाशी वाकले, "अरे, येतं ना तुला? बरोबर दे की." तो पूर्ण खोलीला ऐकू जाईल असा म्हणाला, "बाई, बरोबर दिलं की तुमचा आवाज येतंय!"

मला वाटलं, सतरंजीखाली जावं. साहेब खिडकीतून बाहेर काहीतरी बघू लागले. चाचा एकटेच गंभीर होते. एखादा डॉक्टर रोग्याची जीभ बघतो तसे ते पडद्याकडे बघत होते. साहेब जाताना म्हणाले, "इथे मुलं मुद्दाम चुकायला शिकतायत. पुढच्या भेटीत बदल दिसला नाही तर हे काढून टाका." मुख्याध्यापकांनी तिथंच चाचांना सांगितलं, "सर, ऐकलंत ना?" चाचांनी मान हलवली. बाजार शाळेत राहावा यापलीकडं त्या माणसाला जगात काही नको होतं.

दुसऱ्या सकाळी ते शाळेच्या फाटकात माझी वाट बघत उभे होते, गुप्तधन सापडल्यासारखे खुश. "बाई, लई सोपं निगालं! आवाज उलटे लावले. बरोबर आलं की बाजार बोलल, चुकलं की तुमी!" आणि त्यांनी माझ्याकडून तिथंच, फाटकाशी, "कृपया पुन्हा प्रयत्न करा" म्हणवून घेतलं.

उपाय असा लागू पडला की बोलायची सोय नाही. माझा आवाज टाळण्यासाठी सहावीचा वर्ग मधल्या सुटीत पावणेतीन आणि साडेपाच करत बसू लागला. मावशींनी आता हिशोबी शिव्यांऐवजी "आलं बगा शाणं लेकरू, आता माज्याच पोटावर पाय देतंय!" असं भरून दिलं होतं, आणि ते ऐकायला पोरं जीव टाकत. मुख्याध्यापक पालकांना बोलवून गेम दाखवू लागले. मैदानात कुणी पडलं, कुणाचा चेंडू हुकला, की चारी बाजूंनी माझ्या सुरात आरोळी उठे, "कृपयाऽ पुन्हाऽ प्रयत्नऽ कराऽ!" मी हसून साजरं करायची. चाचा मात्र मनापासून आभार मानत, "बाई, तुमच्या आवाजानं गाव सुधरलं." त्यांना टोमणा मारता येत नाही, म्हणून तो जास्त लागायचा.

साहेब दुसऱ्यांदा आले. मुलांनी एकेक वजन नेमकं टाकलं, बाजार दणाणला, साहेब हसले. तालुक्यातल्या सगळ्या शाळांत हा गेम द्यायची भाषा निघाली. शाल आणि नारळ टेबलावर तयार होता. साहेब म्हणाले, "आता मागच्या बाकावरची एक मुलगी घ्या." मागच्या बाकावर गोदावरी बसायची. वर्गात तिचा आवाज मी क्वचितच ऐकला होता. पण जुन्या गेममध्ये ती चुकली की मावशींच्या शिव्यांवर तोंडावर ओढणी दाबून हसायची, हे मी पाहिलं होतं. नवा गेम आल्यापासून ती कम्प्युटरकडे फिरकली नव्हती, हे मात्र मी पाहिलं नव्हतं.

पावणेदोन किलो वांगी. तिनं अडीच टाकले. "कृपया पुन्हा प्रयत्न करा." तिनं एक काढलं. "कृपया पुन्हा प्रयत्न करा." मागून कुणीतरी माझी नक्कल केली, वर्ग खुदखुदला. तिची मान खाली गेली, हात माउसवरून निघून मांडीत गेले, आणि गिऱ्हाईक थांबलेलं बघून माझा आवाज आपणहून पुन्हा म्हणाला, "कृपया पुन्हा प्रयत्न करा." साहेब कौतुकानं म्हणाले, "बघा, किती सभ्य भाषेत चूक लक्षात आणून देतो." मी आयुष्यात पहिल्यांदा तो आवाज दुसऱ्या कुणाचा असावा तसा ऐकला. वसतिगृहातली ती खोली मला आठवली. तिथं निदान माणसं हसत होती.

चाचा उठले. त्यांनी जाऊन पेनड्राइव्ह काढला, पडदा काळा झाला. "साहेब, माफी करा. ह्ये माजं चुकलं."

"अहो, छान चाललंय की. एका मुलीचं काय..."

"पोरगी शरमली, साहेब. शरमवूनच शिकवायचं व्हतं तर फळा काय वाईट व्हता?"

मुख्याध्यापक दबक्या आवाजात म्हणाले, "सर, काय करून राहिले तुम्ही? जुनं तर इथं चालणार नाही."

"म्हाईत हाय," चाचा म्हणाले. त्यांनी गोदावरीच्या डोक्यावर हात ठेवला, शाल तशीच टेबलावर राहू दिली आणि बाहेर गेले. फाटकापर्यंत जाताना त्यांची पाठ मला दिसत होती. त्या माणसाला एवढं हळू चालताना मी कधी पाहिलं नव्हतं.

रविवारी मी त्यांच्या घरी गेले. काय बोलायचं हे ठरवून गेले होते, पण ओट्यावर पोरांच्या चपलांची रास बघून विसरले. कम्प्युटर दारात आणून ठेवला होता, जुना बाजार चालू होता, चुकणाऱ्याला शिव्या पडत होत्या. चाचींनी मला पाट दिला. चाचा म्हणाले, "बरं झालं आलाव. येक अडचन हाय. चुकलं की सगळा बाजार बोलतोय. बरोबर आलं की आपलं मानूस बोलाया नको? न्हाई तर पोरं परत चुकतच बसनार."

"चाचा, माझा आवाज नको. बांगड्यावाल्या मावशींचाच घ्या."

"त्यांच्याकडं शिव्याच लई. तुमची माय, तुमी पास झालाव तवा काय बोलली व्हती?"

माय काय बोलली होती ते मला शब्दाशब्दानं आठवत होतं. पण माइकपुढं तोंड उघडलं की 'अभिनंदन'च येत होतं. पोरं खेळ थांबवून बघत होती. स्वतःच्या आईचं वाक्य स्वतःच्या तोंडून काढायला इतका वेळ लागावा याची जी लाज वाटली, ती साहेबांपुढंही वाटली नव्हती. चाचांनी पोरांना आत चाचींकडे चिवडा खायला पाठवलं, पाठ फिरवून बसले आणि म्हणाले, "घाई न्हाई. मी बी ऐकत न्हाई." शेवटी मी डोळे मिटून म्हटलं, "केलंस गं माजे माय! ये, हिकडं ये, जवळ ये."

मुलं चिवडा खाऊन परतल्यावर गोदावरी मागून आली आणि सगळ्यांचं झाल्यावर बसली. दोनदा मावशींनी तिला झाडलं, दोनदा ती हसली. मग पुन्हा पावणेदोन किलो वांगी आली, तेव्हा तिनं एक किलो टाकलं, अर्धा टाकला, थोडा विचार करून पाव टाकला. आवाज आला. ती चमकून वळली आणि माझ्याकडे बघत राहिली.

"बाई, ह्ये तुमी बोललाव?"

"हाव," मी म्हटलं.

"मग वर्गात असं का न्हाई बोलत?"

चाचा उगाचच कीबोर्डवरची पिशवी पुसायला लागले. पडद्यावर पुढचं गिऱ्हाईक सव्वादोन किलो कांदे मागत उभं होतं, म्हणून मग गोदावरी तिकडं वळली.