देवापुढचा काळा कागद

खंडेनवमी, १९६७ : प्रयोगशाळेतील माझ्या बाटल्यांवरचे काळे कागद काढण्यात आले. दसऱ्याचा दुसरा दिवस : बाहेरून आलेल्या तज्ज्ञांसमोर माझा प्रयोग फसला. त्याच आठवड्यात : माझ्या नोंदी बनावट ठरवणारा अहवाल दाखल झाला. जबाबदार : तत्कालीन विभागप्रमुख. काही अंशी मीही, कारण सणाला मी मुरगूडला घरी गेलो होतो.

महाविद्यालयाने सुवर्णमहोत्सवी अंकासाठी परगावी गेलेल्या आम्हा माजी शिक्षकांकडून ‘गोड आठवणी’ मागवल्या आहेत. माझी ही.

बाटल्यांत एका पिवळ्या रंगाचे साबणासारखे द्रावण होते. अंधारात त्याचे सरळ रेणू आपोआप एकमेकांना बिलगून सूक्ष्मदर्शकालाही न दिसणारे दोरे विणत. द्रावण काकवीसारखे दाट होई. उन्हात रेणू वाकत, दोरे तुटत, उरे ते पाणी. पुन्हा दोन दिवस अंधारात ठेवले की पूर्ववत दाट. खंडेनवमीला उपकरणांबरोबर या बाटल्यांचीही पूजा मांडली ती खिडकीत, आणि मांडलेली पूजा दसऱ्यापर्यंत हलवत नाहीत. तज्ज्ञांनी पाहिले ते पाणी.

मी दोन दिवसांचा अंधार मागितला. विभागप्रमुख म्हणाले, “अहो, विज्ञान उजेडात सिद्ध करायचं असतं.” सगळे हसले. ‘प्रकाशापासून दूर ठेवणे’ असे लिहिलेल्या माझ्या वहीच्या प्रत्येक पानावर त्यांचीच सही होती.

नोकरी गेली. कोल्हापूर स्टेशनावर निरोपाला दोघेच आले : आई आणि प्रयोगशाळेचे शिपाई बंडूमामा. मामा माझ्याकडे बघेनात. “सर, माझ्या हातनं घात झाला. पर सायबच म्हनलं, देवाम्होरं काळं कशाला, काढ की.” गाडी हलली. आई म्हणाली, “आंधार मागितलास, त्यो बी दिला न्हाय व्हय रं?”

आज इंग्लंडमधील एका रंगाच्या कारखान्यात मी क्वालिटी कंट्रोल पाहतो. येथे हिवाळ्यात चारलाच अंधार पडतो. त्याची वाण नाही. किचनच्या कपाटात तशीच एक बाटली आहे. क्वचित ऊन पडले की ती मी खिडकीत ठेवतो, मग पुन्हा कपाटात. एकदाही चुकलेली नाही.

बंडूमामा गेल्या वर्षी वारले. त्यांच्या मुलीने कळवले, त्या वर्षानंतर खंडेनवमीला त्यांनी कशाचीही पूजा मांडली नाही.

घर म्हणजे माझ्यापुरते आता ते गाव, जिथे माझ्यावरचा आरोप अद्याप दप्तरी आहे.

विभागप्रमुख निवृत्त होऊन कोल्हापुरातच राहतात. त्यांनी याच अंकात, या मजकुराखाली, स्वतःच्या सहीने उत्तर द्यावे : काळा कागद काढायला कोणी सांगितले? ‘आठवत नाही’ हे उत्तर ग्राह्य धरले जाणार नाही. अंकाची एक प्रत बंडूमामांच्या मुलीला पाठवावी.